पाडवा: एका मुलाने बाबांना विचारलेला प्रश्न



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय २४.

गेले काही दिवस आपण क्रमाने वाचतोय, पण आज कार्तिक शुद्ध प्रतिपदा. आपल्याकडे बलिप्रतिपदा, दिवाळी पाडवा. आणि वैष्णव मंदिरांत गोवर्धनपूजा, अन्नकूट. म्हणून आज क्रम मोडून थेट गोकुळात जाऊ. अध्याय छोटा आहे, ३८ श्लोकांचा. अर्थासकट वाचला तरी अर्धा तास पुरे.

गोवर्धन म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो करंगळीवरचा पर्वत. पण तो २५ व्या अध्यायात. २४ व्यात पर्वत जमिनीवरच आहे, पाऊस नाही, संकट नाही. एका घरात सणाची तयारी चाललीय आणि एक मूल वडिलांना विचारतंय की हे सगळं कशासाठी? एवढंच. भागवताने या बोलण्याला जवळपास पूर्ण अध्याय दिलाय. मला या दोन अध्यायांतला हाच जास्त आवडतो. पर्वत उचलणं आपल्याच्याने होणार नाही. सणाच्या आदल्या दिवशी घरात प्रश्न विचारणं आणि त्याला उत्तर देणं, हे मात्र दरवर्षी आपल्या वाट्याला येतंच.

या वेळी कृष्ण किती वर्षांचा? पुढे २६ व्या अध्यायात गोप आश्चर्याने बोलतात, त्यात सात वर्षांचं पोर असा उल्लेख येतो. म्हणजे आजच्या हिशोबाने दुसरीतला मुलगा.

तो बघतो की सगळे गोप इंद्राच्या यज्ञाच्या तयारीला लागलेत. शुकाचार्य लगेच सांगून टाकतात की त्याला सगळं ठाऊक होतं, तरी तो नम्रपणे वाकून विचारतो. काय विचारतो ते नीट बघा. बाबा, ही कसली गडबड? याचं फळ काय? कोणासाठी करायचं? कशाने करायचं? आणि मग म्हणतो, मला ऐकायचंय, सांगा ना. चांगल्या माणसांना लपवण्यासारखं काही नसतं, आणि आपल्या माणसापासून तर नाहीच. मला इथे नेहमी वाटतं की पहिल्या प्रश्नानंतर नंदबाबा क्षणभर गप्प बसले असावेत. नाहीतर मुलाला दुसऱ्यांदा गळ घालायची गरज काय?

त्यानंतर तो जे विचारतो, त्यासाठी आजचा अध्याय निवडलाय. माणसं कर्म करतात, काही जाणून करतात, काही न जाणता. जाणून करणाऱ्याचं काम जसं सिद्धीला जातं तसं न जाणणाऱ्याचं जात नाही. तर बाबा, हे जे तुम्ही करताय ते शास्त्राचा विचार करून ठरवलेलं आहे, की लोक करतात म्हणून चालत आलेलं?

सात वर्षांच्या मुलाने विचारलेला हा प्रश्न आपण मोठे झाल्यावरसुद्धा विचारत नाही. एक तर मुकाट्याने करतो, नाहीतर ‘हे सगळं थोतांड’ म्हणून सोडून देतो. दोन्हीत विचारायचे कष्ट वाचतात. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे लगेच कळेल. जुन्या सिस्टिममध्ये एखादं फंक्शन असतं, कोणी लिहिलं माहीत नाही, वर कमेंट नाही. टीममधले सीनियर म्हणतात हात लावू नको, प्रॉडक्शन पडेल. नवीन आलेला म्हणतो उडवून टाकू. ते नक्की काय करतं हे बसून वाचायला मात्र दोघांपैकी कोणीच तयार नसतं.

आता नंदबाबांचं उत्तर. कथा सांगताना आपण नंदबाबांना जरा भाबडं करून टाकतो. इंद्राला घाबरणारे साधे गवळी, आणि कृष्ण त्यांना शहाणं करतो. मूळ वाचलं तर तसं दिसत नाही. ते मुलाला ‘तू लहान आहेस’ म्हणत नाहीत. सरळ कारण सांगतात. पाऊस म्हणजे भगवान इंद्र, ढग ही त्याची रूपं, ते पाणी देतात आणि त्यावर सगळे जीव जगतात. त्या पाण्याने जे पिकलं त्यातूनच आपण त्याला देतो आणि उरलेल्यावर आपला प्रपंच चालवतो. म्हणजे हा यज्ञ कृतज्ञतेचा आहे. शेवटी ते म्हणतात, हा धर्म परंपरेने चालत आलाय; जो माणूस हाव, लोभ, भीती किंवा द्वेषापायी तो सोडतो त्याचं भलं होत नाही.

ही चार कारणं मी पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवलीत. हाव, लोभ, भीती, द्वेष. परंपरा सोडायची ही चार कारणं वाईट, असं नंदबाबा म्हणतात. या यादीत ‘विचार करून’ हे कारण नाही. त्यांनी मुद्दाम वगळलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण कृष्णाला पुढे बोलायला जागा मिळते ती तिथेच, असं मला वाचताना वाटतं.

*

यंदा आमच्या घरी हा अध्याय जरा वेगळ्या अंगाने वाचला गेला. ज्येष्ठात माझी आई गेली. त्यामुळे ही तिच्यामागची पहिली दिवाळी, आणि आमच्याकडे पद्धत अशी की वर्षभर सण करायचा नाही. दिवाळीत कढई चढवायची नाही, आकाशकंदील लावायचा नाही, नवे कपडे नाहीत. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नवरात्रातच एकदा सांगून टाकलं होतं: ‘यंदा आपल्याकडे काही नाही.’

घरात पाच वर्षांची मुलगी आहे. शाळेत कागदाचा कंदील केलेला, तो घरी आणलेला. समोरच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक बाल्कनीत दिवे. वसुबारसेच्या संध्याकाळी तिने आप्पांना विचारलं, ‘आजोबा, आपला कंदील कधी लावायचा?’

‘यंदा नाही लावायचा, बाळा.’

‘का?’

‘आजी गेली ना. वर्षभर सण नसतो.’

‘कोणी सांगितलं असं?’

तिला उद्धटपणा करायचा नव्हता, तिला खरंच नाव हवं होतं: टीचरने, पोलिसांनी, देवाने? आणि मग तिने हळूच विचारलं, ‘लावला तर आजी रागावेल का?’

बायको आतून बाहेर आली. तिचं मत मला आधीच माहीत होतं, मुलीचं बालपण एकदाच येतं आणि आईंना तर नातीसाठी सगळ्यात जास्त हौस होती. आप्पांचंही माहीत होतं. मी मध्ये. लग्न झालेल्या कुठल्याही मुलाला ही जागा ओळखीची असेल. त्या दिवशी मात्र मी काही बोललो नाही, कारण प्रश्न मला नव्हता, आजोबांना होता.

आता शास्त्र की लोकरीत, या कृष्णाच्या फूटपट्टीने बघितलं तर सुतक जवळच्या नात्यात दहा दिवसांचं धरतात, तेराव्यानंतर गोडाचं जेवण होतं, देवघरातली रोजची पूजा पुन्हा सुरू होते. वर्षभर सण न करणं ही घराघरांत, गावागावांत बदलत जाणारी रीत. काही घरांत पहिला सण मुद्दाम करतात, काही घरांत वर्षश्राद्धापर्यंत गोड वर्ज्य. म्हणजे उत्तर सोपं होतं: लोकरीत. सॉर्टेड, लावा कंदील! पण तसं म्हणून टाकणं म्हणजे कृष्णाचा अर्धाच प्रश्न विचारणं. त्याने ‘याचं फळ काय’ हेही विचारलं होतं.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तिला जवळ घेतलं आणि त्यांच्या लहानपणीचं सांगायला लागले. त्यांचे वडील गेले तेव्हा ते नऊ वर्षांचे. गावाकडचं घर, पाच भावंडं. त्या दिवाळीत त्यांच्या आईने चूल पेटवली ती फक्त भाकरीपुरती. ‘पण पाडव्याच्या दिवशी आमच्या ओसरीवर डबेच डबे. वाड्यातल्या प्रत्येक घरातून आलेले. कोणाची चकली, कोणाचे अनारसे, कोणाचे कानोले. एरवी आमच्याकडे एवढं कधीच व्हायचं नाही. आईला काहीच करावं लागलं नाही. ती नुसती बसून होती, आणि तिला कोणी ऊठ म्हटलं नाही.’

मी हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. माझ्या डोक्यात ‘सण नाही’ म्हणजे एक बंदी होती. आप्पांच्या डोक्यात ती त्यांच्या आईला मिळालेली सुट्टी होती. ज्या घरात माणूस गेलंय त्या घराने हसायचं नाटक करायला नको, पिठात हात घालायला नको. तुम्ही बसा, बाकीचे बघतील. शेजारच्यांनी फराळ आणून द्यायची पद्धत आजही आहे, आमच्याकडेही यंदा चार डबे आलेत. पण मी ते डबे घेताना ‘थँक यू, कशाला त्रास’ म्हणत होतो.

मुलगी एवढंच म्हणाली, ‘मग पणजीआजीकडे कंदील नव्हता?’

‘नव्हता.’

‘आणि दिवा?’

‘दिवा होता. देवापाशी रोजचा. आणि तुळशीपाशी एक.’

‘मग आपण दिवा लावू.’

*

परत अध्यायाकडे येतो. नंदबाबांचं ऐकून कृष्ण जे बोलतो ते जरा सांभाळून वाचायला हवं. सुरुवातीला तो म्हणतो की जीव कर्मानेच जन्मतो, कर्मानेच संपतो, सुखदुःख सगळं कर्माने, तर मग इंद्राचं काय काम? ऐकायला जवळजवळ नास्तिकासारखं. याच मुद्द्याचे रील्स करून ‘बघा, कृष्णसुद्धा देवपूजेच्या विरुद्ध होता’ म्हणणारे पुष्कळ आहेत. पण भागवत त्या बोलण्याच्या आधीच सांगून ठेवतं की इंद्राला राग यावा म्हणून तो हे बोलत होता. इंद्राचा अहंकार उतरवायचाय, त्यासाठी रचलेली ही मांडणी आहे. तिला एकटी उचलून सिद्धांत करू नये, असं माझं मत.

मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. तो म्हणतो, आपली ना शहरं, ना नगरं. आपण रानात, डोंगरात राहणारी माणसं, आपलं जगणं गाईंवर. म्हणून गाई, ब्राह्मण आणि हा डोंगर यांचा यज्ञ करूया, आणि तोही इंद्रासाठी जमवलेल्या याच सामानातून. सण रद्द होत नाही. सामान तेच, स्वयंपाक तोच, नुसता पत्ता बदलला. लांबच्या, न दिसणाऱ्या देवाकडे जाणारं ताट समोरच्यांकडे वळलं.

मग पदार्थांची यादी येते, ती वाचून भूक लागते. खिरीपासून वरणासारख्या पातळ पदार्थापर्यंत सगळं शिजवा, संयाव करा, अपूप करा, शष्कुली करा, गोठ्यातलं सगळं दूध गोळा करा. अपूप हे आपल्या अनारशाच्या कुळातलं. अधिक मासात ३३ अनारसे देतात त्याला अपूपदानच म्हणतात. शष्कुली म्हणजे तळणीचा प्रकार. थोडक्यात फराळच!

आणि हे कोणाला द्यायचं? ब्राह्मणांना, आणि मग थेट कुत्र्यांपर्यंत, ज्यांना समाजाने बाहेर ठेवलंय त्यांच्यापर्यंत, पतितांपर्यंत, ज्याला जसं योग्य तसं. गाईंना चारा, डोंगराला नैवेद्य. मग जेवून, नटून, अंगाला उटी लावून, चांगले कपडे घालून डोंगराला प्रदक्षिणा. अभ्यंग, नवे कपडे, फराळ, सगळं यात आहे.

या बोलण्याचा शेवट कसा करतो बघा. बाबा, हे माझं मत झालं. तुम्हाला रुचलं तर करा. पर्वत उचलू शकणारा मुलगा असं म्हणतो! निर्णय नंदबाबांचाच राहतो. त्यांना आणि बाकीच्या गोपांना पटतं, म्हणून ते करतात. पुढे कुरुक्षेत्रावर मोठा झालेला हाच कृष्ण अर्जुनाला सांगतो (गीता, अध्याय ४, श्लोक ३४) की ज्ञान मिळवायचं तर नमस्कार, परिप्रश्न आणि सेवा. तीन गोष्टी एकत्र. त्याने स्वतः लहानपणी हेच केलेलं दिसतं: आधी वाकला, मग विचारलं, आणि मग स्वतः कामाला लागला.

आमच्याकडे त्यानंतर काय ठरलं ते थोडक्यात सांगतो, कारण बऱ्याच जणांच्या घरी या ना त्या वर्षी ही वेळ येते. कढई चढली नाही. कंदील लावला नाही, फटाके नाहीत. पणत्या लावल्या, त्यातली एक मुलीने आजीच्या फोटोपाशी ठेवली. नरकचतुर्दशीला तिला उटणं लावून अंघोळ घातली. त्यावर आप्पा म्हणाले की तेल लावून अंघोळ हा काही सण नव्हे, ती थंडीची सोय आहे. किल्ल्याच्या बाबतीतही त्यांचं तसंच मत पडलं: किल्ला खेळात मोडतो. ते स्वतःच खाली पार्किंगच्या कोपऱ्यात पाटावर बसून माती मळत होते. अळीव पेरलेले उगवलेत, मावळे उभे आहेत. आज सकाळी २४ वा अध्याय गोष्टीसारखा सांगितल्यावर किल्ल्याचा गोवर्धन झाला. देवघरातला बाळकृष्ण मातीत नेऊ देणं आप्पांना मान्य नव्हतं, म्हणून एका मावळ्याची कृष्णपदी नेमणूक झाली. भाला काढून घेतला, कारण हात रिकामा हवा.

फराळाचे डबे आम्ही सातव्या अध्यायाइतके जपून ठेवले नाहीत, लगेच उघडले. वॉचमन काका, कचरा न्यायला येणाऱ्या ताई, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला मुलगा, आणि गेटवरचे दोन कुत्रे (त्यांना शंकरपाळे, चकली नको, तिखट असते, असा मुलीचा निर्णय). शेजारच्यांनी दिलेलंच पुढे गेलं. आमचं त्यात काहीच नव्हतं, हे मला विशेष बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र झाली नाही. पाडव्याला आई आप्पांना ओवाळायची. मुलगी वडिलांना ओवाळते तशी आज नातीने आजोबांना ओवाळावं असं बायकोला वाटलं, तिने ताट तयार केलं. आप्पा म्हणाले, ‘नको गं. यंदा नको.’ ताट परत आत गेलं, निरांजन देवापाशी ठेवलं. रुचलं तर करा, याचा अर्थ नाही रुचलं तर नाही, असाही होतोच. मुलीने ‘का’ विचारलं नाही. ती जाऊन त्यांच्या मांडीवर बसली.

*

राहिला एक मुद्दा, तो शहरवाल्यांसाठी. कृष्ण म्हणतो आपली शहरं नाहीत. आपलं नेमकं उलटं आहे, शहरच आहे. आप्पांच्या गावी पाडव्याला अंगणात शेणाचा गोवर्धन आणि गवळणी घालायचे. आमच्या सोसायटीत शेण आणायचं कुठून? मग आपला गोवर्धन कोण?

सकाळी मुलीला विचारलं, आपल्याला पाणी कोण देतं? उत्तर आलं, ‘टाकी.’ टाकीत कुठून येतं? ‘टँकर.’ (उन्हाळ्याच्या आठवणी.) मग गच्चीवर गेलो. हवा स्वच्छ असली की आमच्या गच्चीवरून सिंहगड दिसतो, टॉवरमुळे ओळखता येतो. त्याच्या अलीकडे खडकवासला धरण, आणि त्याच्या वरच्या अंगाला पानशेत, वरसगाव, टेमघर. पुण्याच्या नळाला येणारं बरंचसं पाणी या चार धरणांचं. आणि तिथे पाणी का? कारण समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. तिकडे ताम्हिणीत धो धो, आणि डोंगर ओलांडून पूर्वेला यावं तसा पाऊस कमी कमी होत जातो. नंदबाबा म्हणाले पाऊस ढगांचा. मुलगा म्हणाला डोंगराकडे बघा. पुण्यात राहणाऱ्या माणसाला दोघांचंही पटायला हरकत नाही.

तिने सिंहगडाच्या दिशेने नमस्कार केला. प्रदक्षिणा घालायची होती, ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला घातली. तीही चालेल.

अध्यायाच्या शेवटी एक गंमत आहे, मुलांना जरूर सांगा. नैवेद्य दाखवल्यावर कृष्ण प्रचंड मोठं रूप घेतो, ‘मीच हा पर्वत’ म्हणतो आणि सगळं अन्न खाऊन टाकतो. आणि त्याच वेळी लहान रूपात गोपांच्या ओळीत उभा राहून त्या मोठ्या रूपाला नमस्कारही करतो. आमच्याकडे यावर बराच वेळ हसणं झालं. ‘म्हणजे त्याने स्वतःलाच नमस्कार केला? आणि स्वतःच खाल्लं?’ आप्पा म्हणाले, ‘मग दुसरं कोण आहे खायला?’ आणि चहा मागितला.

कंदील कपाटात आहे. पुढच्या वर्षी दोन लावायचे, एक यंदाचा, असं मुलीने आजोबांकडून कबूल करून घेतलंय.

उद्या भाऊबीज. उद्याचं वाचन: दशम स्कंध, अध्याय २५. सात दिवसांचा पाऊस.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥